मियाटाच्या कोनी शॉकवर कॉइलओव्हर स्लीव्ह: कामाच्या नोंदी

24 फेब्रुवारी 2024, शनिवार

गाडी 1992 सालची माझदा मियाटा, दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार. इंजिन 1.6 लिटरचं, 116 अश्वशक्तीचं. ताकद मागच्या चाकांना, सस्पेन्शन चारही कोपऱ्यांत डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या-खालच्या दोन आर्मवर. ही गाडी 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. तेव्हापासून आजतागायत हौशी लोक तिच्या स्प्रिंगा आणि शॉक (शॉक ॲब्झॉर्बर) बदलत आलेत, त्यामुळे माहितीला तोटा नाही. तोटा आहे तो मोजमापाचा. जो तो सांगतो, 'एवढी खाली घे, मस्त दिसते.' शॉकला आत जायला किती जागा उरली, हे फारसं कुणी सांगत नाही.

मी डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतो. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं. बर्फ गोठतो, वितळतो, पुन्हा गोठतो आणि मार्च उजाडला की रस्त्याची चाळण होते. म्हणून गाडी किती खाली घ्यायची हा माझ्यासाठी हौसेचा प्रश्न नाही. शॉक खड्ड्यात पूर्ण दबून आपटला, की वळणातली पकड जाते आणि पाठही जाते.

माझ्याकडे पिवळे कोनी शॉक आहेत. हॉलंडमधल्या औड-बायरलांडची ही 1857 सालची जुनी कंपनी. शॉक उत्तम अवस्थेत आहेत. दांड्यावर ओरखडा नाही, तेलाचा पाझर नाही. मग अख्खा नवा कॉइलओव्हर संच, म्हणजे स्प्रिंग चढवलेले, उंची बदलता येणारे नवे शॉक, का घ्यायचा? त्या पैशात मिळणाऱ्या स्वस्त संचांचं डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी जिरवणं) या कोनीच्या जवळपासही येत नाही. उंची कमीजास्त करायला शॉकवर चढणारी, आटे पाडलेली ॲल्युमिनियमची नळी म्हणजे स्लीव्ह, तिच्या आट्यांवर फिरणारी कॉलर आणि कॉलरवर बसणारी सरळ स्प्रिंग एवढंच पुरतं. डॅम्पिंगचं काम शॉकचं, आणि शॉक चांगला असेल तर तो ठेवावा.

हिशेबात एक गोष्ट धरली पाहिजे. या कोनीत फक्त रिबाउंड, म्हणजे शॉक परत उघडतानाचा विरोध, कमीजास्त होतो. दबतानाचं डॅम्पिंग कारखान्यातून ठरून आलेलं असतं. त्यामुळे स्प्रिंग किती कडक घ्यायची याला मर्यादा आहे. 400-450 पौंड प्रति इंचाच्या पुढे हे शॉक कमी पडतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. मी पुढे 350 आणि मागे 250 घेतोय. मूळ स्प्रिंगांच्या दुपटीहून जास्त, पण रोज चालवता येईल इतपत.

ऑटोक्रॉसलाही, म्हणजे मैदानात शंकू लावून होणाऱ्या स्पर्धेलाही, गाडी नेतो. एससीसीए या अमेरिकन स्पोर्ट्स कार क्लबच्या नियमांत स्ट्रीट वर्गात मूळ स्प्रिंग बदलायला मुभा नाही, स्ट्रीट टुरिंगमध्ये आहे. म्हणजे या कामानंतर वर्ग बदलणार. ते मान्य आहे.

2 मार्च, शनिवार

सामान बाकावर मांडलं. चार स्लीव्ह, चार कॉलर, 2.5 इंच आतल्या व्यासाच्या आयबाख कंपनीच्या स्प्रिंगा, वरच्या टोप्या, बंपस्टॉप (शॉक पूर्ण दबताना आपटू नये म्हणून दांड्यावर बसणारे ठोकळे). शिवाय 1999 नंतरच्या मियाटाचे वरचे माउंट, म्हणजे शॉकचं वरचं टोक गाडीला जोडणारे भाग. हे माउंट जुन्या गाडीत बसतात आणि शॉकला दबायला थोडी जास्त जागा देतात. जुन्या मियाटात चालीची, म्हणजे शॉक दबायच्या अंतराची, मुळातच टंचाई, त्यामुळे ही अदलाबदल मला स्लीव्हपेक्षाही महत्त्वाची वाटते.

स्प्रिंगवर छापलेला नंबर वाचायला सोपा आहे. 0700.250.0350 म्हणजे लांबी 7 इंच, आतला व्यास 2.5 इंच, कडकपणा 350 पौंड. मागची 0800.250.0250, म्हणजे 8 इंची. पुढे सात आणि मागे आठ का, ते खाली येतंय.

भाचा इथल्या विद्यापीठात एमएस करतोय, शनिवारी जेवायला येतो. मेकॅनिकल झालेला मुलगा, हाताला पाना लागला की खूश. त्याने एक सुटा शॉक उभा धरला आणि विचारलं, "मामा, कॉलर वर फिरवली की स्प्रिंग दाबली जाणार. म्हणजे गाडी कडक होणार ना?"

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की नोंद करून ठेवतो. कोपऱ्यावर वजन तेवढंच आहे, स्प्रिंगचा दर तोच आहे, म्हणजे गाडी उभी असताना स्प्रिंग जेवढी दबायची तेवढीच दबणार. कॉलर वर नेली की गाडी वर उचलली जाते, स्प्रिंग जास्त दबत नाही. अपवाद एकच. शॉक पूर्ण उघडा असतानाच स्प्रिंग इतकी आवळलेली असेल की गाडीचं वजन तो दाबच ओलांडू शकत नाही, तर गोष्ट वेगळी. पण तशी जोडणी कुणी करू नये. भाच्याला कागदावर बाण काढून दाखवलं तेव्हा पटलं. "म्हणजे कॉलर हा नुसता जॅक आहे," म्हणाला. बरोबर.

मग मापं. पुढच्या शॉकचा दांडा पूर्ण बाहेर असताना, शॉकच्या बॉडीपासून वरच्या वायसरच्या बैठकीपर्यंत 120 मिमी. मागच्याचा 135. पुढचा बंपस्टॉप 36 मिमी, मागचा 40. हे फेसाळ पॉलियुरेथेनचे आहेत, पूर्ण दाबल्यावर एक तृतीयांशाच्या आसपास उरतात. म्हणजे पुढे 12, मागे 13 धरू.

स्लीव्ह आज नुसती घालून पाहिली. कोनीच्या बॉडीवर सर्क्लिपसाठी (खाचेत बसणाऱ्या लोखंडी कडीसाठी) खाचा आहेत, मूळ स्प्रिंगची बैठक त्या सर्क्लिपवर बसते. ती बैठक काढून टाकायची आणि स्लीव्ह वरून सरकवून त्याच सर्क्लिपवर टेकवायची. स्लीव्हच्या आतल्या बाजूला ओ-रिंग आहे, त्यामुळे ती बॉडीवर मधोमध राहते, खडखडत नाही. मी खालची खाच निवडली.

9 मार्च, शनिवार

पुढची बाजू उघडली. चाकं काढली, अँटी-रोल बारची (वळणात गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक सोडली, बॉनेटखालचे दोन 14 चे नट, खाली 17 चा बोल्ट. वरच्या विशबोनचा लांब बोल्ट काढला की शॉक सहज बाहेर येतो. विशबोनवर पाय देऊन, पहार घालून ओढाताण करायची गरज राहत नाही आणि बॉल जॉइंटच्या रबरालाही धक्का लागत नाही. ब्रेकची नळी ताणली जाऊ नये म्हणून कॅलिपर तारेने वर टांगून ठेवला.

जुना शॉक-स्प्रिंगचा जोड सुटा करताना स्प्रिंग कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी सारखा आवळला. इथे घाई करायची नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

आजचं खरं काम पुढे होतं. स्प्रिंग आणि बंपस्टॉप न घालता नुसता कोनी बसवला, हबखाली जॅक घेतला आणि चाक जागेवर धरून हब वर-खाली केला. हब 50 मिमी वर गेला तेव्हा शॉक 36 मिमी दबला. म्हणजे मोशन रेशो, चाकाच्या हालचालीशी शॉकच्या हालचालीचं प्रमाण, 0.72. भाच्याने पट्टी धरली, मी जॅक मारला, मग जागा बदलून पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

हा एक आकडा हातात आला की बाकी सगळं उलगडतं. स्प्रिंगचा दर चाकाशी येताना या आकड्याच्या वर्गाने घटतो. 350 पौंड म्हणजे 6.25 किलो प्रति मिमी, त्याला 0.72 ने दोनदा गुणलं की चाकाशी 3.24 उरतात. लोक म्हणतात '350 पौंड म्हणजे फार कडक', पण स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक थेट हबला जोडलेला खांब) असलेल्या गाडीत तोच आकडा जवळजवळ सगळा चाकापर्यंत पोचतो आणि इथे निम्माच पोचतो. गाडी न बघता स्प्रिंगच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आणखी एक फरक. पुण्या-मुंबईत ज्या मारुती-ह्युंदाई दिसतात त्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. तिथे स्टिअरिंग वळवलं की स्प्रिंगही फिरते, म्हणून वर बेअरिंग लागतं. मियाटात शॉक स्टिअरिंगबरोबर फिरत नाही, बेअरिंगची कटकट नाही. स्विफ्टवर स्लीव्ह घालायची इच्छा असणाऱ्यांनी माझ्या या नोंदींतली वरची जोडणी जशीच्या तशी उचलू नये.

10 मार्च, रविवार

मागची बाजू. डिकीतलं कार्पेट काढलं, उजवीकडची बॅटरी बाहेर घेतली, वरचे नट मोकळे केले. मग खालच्या विशबोनचा हबजवळचा लांब बोल्ट. मिशिगनमध्ये मियाटा उघडणारा प्रत्येक जण या बोल्टला ओळखतो. मिठाच्या पाण्याने तो बुशच्या (सांध्यातल्या रबरी जोडाच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतो. डोकं फिरतं, पण बोल्टबरोबर आतली नळीही फिरते आणि रबर नुसतं पिळवटत राहतं.

उजवीकडचा सुटला. गेले आठ-दहा दिवस त्यावर रोज रात्री भेदक तेल मारत होतो, त्याचं फळ. डावीकडचा ढिम्म हलला नाही. गॅसची ज्योत लावली, गरम असताना हातोड्याने ठोकला, थंड होऊ दिला, पुन्हा तेल. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, कापू या." कापला. रेसिप्रोकेटिंग करवतीचं पातं बुश आणि नकलच्या (हब धरणाऱ्या भागाच्या) मधल्या फटीत घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट छाटला. ठिणग्या, जळक्या रबराचा वास, आणि पाचेक मिनिटांनी विशबोन खाली पडला. नवीन बोल्ट आणि बुश आधीच मागवून ठेवले होते. ज्यांच्याकडे बर्फ पडतो त्यांनी गाडी स्टँडवर चढवायच्या आधी हे दोन भाग कपाटात आणून ठेवावेत.

मागचा मोशन रेशो: हब 50, शॉक 38. म्हणजे 0.76.

16 मार्च, शनिवार

आधी स्प्रिंग मिटण्याचा, म्हणजे वेढ्यावर वेढा बसण्याचा हिशेब, कारण जोडणी केल्यावर तो करून उपयोग नाही.

चालकासकट गाडी 1,080 किलोच्या आसपास. पुढच्या एका कोपऱ्यावर चाक-ब्रेकचं वजन वजा करून 241 किलो धरले. भागिले 0.72, म्हणजे स्प्रिंगवर 335 किलो. भागिले 6.25, म्हणजे उभ्या गाडीत पुढची स्प्रिंग साधारण 53 मिमी दबणार. मागे 237 भागिले 0.76, 312 किलो. 250 पौंड म्हणजे 4.46 किलो प्रति मिमी, तेव्हा 70 मिमी.

आता खड्ड्यात शॉक पूर्ण आत गेला तर? पुढे दांडा उभ्या गाडीत 67 मिमी बाहेर राहावा अशी माझी इच्छा आहे. त्यातून बंपस्टॉपचे 12 गेले, 55 उरले. 53 अधिक 55, 108 मिमी. सात इंची स्प्रिंग 178 मिमीची, म्हणजे त्या क्षणी तिची लांबी 70. तारेची जाडी 10.3 मिमी आणि वेढे साधारण सहा, म्हणजे स्प्रिंग 62 ला मिटते. आठ मिमी शिल्लक. चालेल.

मागे दांडा 72 मिमी बाहेर धरला की तोच हिशेब 129 वर जातो. सात इंची असती तर 49 मिमी उरले असते आणि वेढ्यावर वेढा त्याच्या बऱ्याच आधी बसला असता. तेव्हा सगळा धक्का थेट माउंटवर. आठ इंचीला 74 उरतात. मागे आठ इंची घेतली ती याच कारणाने. विक्रेते बरेचदा चारही सारख्या देतात. विचारून, मोजून घ्या.

दुसरं टोक लोंबत्या चाकाचं. पुढचा शॉक पूर्ण उघडला की दांडा उभ्या स्थितीपेक्षा 120 वजा 67, म्हणजे 53 मिमी जास्त बाहेर येतो. स्प्रिंगही 53 च दबलेली आहे. म्हणजे चाक हवेत असताना स्प्रिंग ना आवळलेली, ना सैल. नेमकी टेकलेली. गाडी याहून खाली घेतली तर हवेत स्प्रिंग सैल होणार आणि जमिनीवर टेकताना खट्ट वाजणार. मग ती सैल जागा भरायला बारीक हेल्पर स्प्रिंग घाला, आणखी भाग, आणखी जागा. मागे 135 वजा 72, 63. स्प्रिंग 70 दबणार, म्हणजे जोडतानाच सातेक मिमीचा दाब. हाताने दाबून नट चढवता येईल इतका.

दोन्ही टोकांचं उत्तर एकाच उंचीवर येतं, याचं मला मनापासून समाधान वाटलं. दबायला जागा हवी म्हणून जी उंची, तीच स्प्रिंग सैल होऊ नये म्हणूनही.

जोडणीचा क्रम असा. बॉडी रॉकेलच्या फडक्याने पुसली, खाचेतली माती टोकदार काडीने काढली. सर्क्लिप खाचेत बसली की नाही हे नखाने फिरवून तपासलं. अर्धवट बसलेली सर्क्लिप सगळं वजन पेलणार नाही. लोखंडी सर्क्लिप आणि ॲल्युमिनियमची स्लीव्ह जिथे टेकतात तिथे अँटी-सीझचा (धातू एकमेकांना जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा) पातळ थर दिला. दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम पांढरं होऊन फुगतं आणि दोन वर्षांनी स्लीव्ह निघत नाही. आट्यांवरही तोच थर. मग कॉलर, स्प्रिंग, बंपस्टॉप, दांड्यावर एक झिप-टाय, वरची टोपी, माउंट, रबर, वायसर, नट.

वरचा नट इम्पॅक्ट गनने मारायचा नाही. दांडा गरागरा फिरतो आणि कोनीच्या आतल्या ॲडजस्टरला इजा होते. दांडा धरून हाताने आवळला.

दांड्यावरची झिप-टाय हे फुकटचं मोजण्याचं साधन आहे. शॉक दबला की बॉडी तिला वर ढकलते, परत उघडताना ती तिथेच राहते. फेरी मारून आलं की दांडा किती आत गेला होता ते दिसतं.

17 मार्च, रविवार

चारही शॉक गाडीवर चढले. सगळे बोल्ट फक्त हाताने घट्ट केले आणि गाडी चाकांवर उतरवून रॅम्पवर घेतली. विशबोनची बुशं रबराची आहेत. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, सरकत नाही, नुसतं पिळतं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर गाडी उभी राहताच रबर पिळलेलं राहतं. ते स्वतःच एक जादाची स्प्रिंग होतं, उंचीची मापं खोटी पडतात आणि बुश वर्षभरात फाटतं. म्हणून गाडी आपल्या वजनावर उभी असताना, मी खाली आडवा होऊन, टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यांना एकेक बोल्ट. चाकाचे नट 110 न्यूटन मीटरला.

23 मार्च, शनिवार

उंची. आठवडाभर आसपास चालवून स्प्रिंगा आणि रबरं बसू दिली होती.

भाच्याला चालकाच्या सीटवर बसवलं, पुढची चाकं वळवून कॉइलच्या मधून पट्टी घातली. दांडा 60 मिमी बाहेर. बंपस्टॉपपर्यंत फक्त 24. कॉलर वर घेतली. प्रत्येक वेळी चाक हवेत घेऊन, कारण वजनाखाली कॉलर फिरवली की आटे खरवडतात. मग गाडी खाली, थोडी पुढेमागे ढकलून टायर मोकळे करायचे, पुन्हा माप. दांडा 67 वर आला तेव्हा पुढच्या बाजूला सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) कडेखाली 125 मिमी, मागे 72 ला 130.

67 वजा 36, म्हणजे 31 मिमी मोकळी चाल. चाकाशी ती 43 मिमी होते. मागे 72 वजा 40, 32. चाकाशी 42. पुढे-मागे जवळजवळ सारखी, आणि मला तेच हवं होतं. वळणात एक टोक आधी बंपस्टॉपवर गेलं की त्या टोकाची स्प्रिंग अचानक कडक झाल्यासारखं होतं. ते पुढचं टोक असेल तर गाडी वळायचं नाकारते, मागचं असेल तर शेपूट सोडते.

गाडी आता सपाट रस्त्यावर तशी फार खाली दिसत नाही. फेंडर आणि टायरमध्ये बोटं जातात. आणखी पंधरा मिमी खाली घेतली तर दांडा 11 मिमी आत जातो आणि चाकाशी मोकळी चाल 43 वरून 28 वर येते. इथल्या रस्त्यांवर 28 मिमी म्हणजे प्रत्येक जोडपट्टीला बंपस्टॉप. फोटोसाठी मी हे करणार नाही.

30 मार्च, शनिवार

एका मित्राकडे चाकांखाली ठेवायच्या चार वजनकाट्यांचा संच आहे, तो दिवसभरासाठी आणला. गॅरेजची फरशी पातळीत नाही, म्हणून दोन काट्यांखाली विनाइलच्या फरशा ठेवून पाण्याच्या नळीने पातळी साधली. अँटी-रोल बारची एक लिंक सोडली, टायरची हवा सारखी केली, सीटवर माझ्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवल्या.

पहिलं वाचन किलोत: पुढे डावा 288, उजवा 258. मागे डावा 268, उजवा 266. बेरीज 1,080. पुढचा उजवा अधिक मागचा डावा 526, म्हणजे 48.7 टक्के. उंची चारही कोपऱ्यांत मिमीपर्यंत जुळवलेली असताना हा तिरका तोल आहे. नुसत्या पट्टीने हे कळत नाही.

पुढचा उजवा आणि मागचा डावा पाव-पाव फेरा वर, बाकी दोन तेवढेच खाली. दर वेळी गाडी काट्यावरून उतरवून, हलवून, परत चढवून. शेवटचं वाचन 280, 266, 276, 258. कर्ण 542, म्हणजे 50.2 टक्के. पुढची बेरीज 546 आधीही होती, आताही आहे. डावी बाजू 556, तीही तशीच. कॉलर फिरवून वजन पुढून मागे किंवा डावीकडून उजवीकडे जात नाही, फक्त कर्णांत वाटलं जातं. त्यासाठी सामानच हलवावं लागतं. चालक डावीकडे बसतो तोवर डावी बाजू जड राहणार.

डावं-उजवं वळण आता सारखं लागायला हवं. कॉलरचे छोटे ॲलन स्क्रू आवळून टाकले.

4 एप्रिल, गुरुवार

अलाइनमेंट. उंची बदलली की कँबर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि टो (वरून पाहता चाकांची टोकं आत की बाहेर) दोन्ही हलतात, म्हणून हे शेवटी. पुढे कँबर उणे 2.0 अंश, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) 5, टो शून्य. मागे कँबर उणे 2.0, टो आत दीड मिमी एकूण. मागच्या टोला बाहेर जाऊ द्यायचं नाही, गाडी सरळ रस्त्यावरही चंचल होते. दुकानातल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने हे कोन बदलणारे एक्सेंट्रिक बोल्ट न कापता फिरले म्हणून माझ्याकडे बघून मान डोलावली.

घरी आल्यावर हेडलाइट. मियाटाचे दिवे बॉनेटमधून वर येणारे. उंची बदलली की झोत बदलतो. भिंतीवर टेप लावून परत बसवले.

13 एप्रिल, शनिवार

पाडव्याला मंगळवारी गाडीला हार घातला होता. आज लांब फेरी. मागे-पुढे मिळून साधारण दोनशे किलोमीटर, अर्धा महामार्ग, अर्धा तळ्याकाठचा वळणावळणाचा रस्ता.

कोनीचा ॲडजस्टर आधी पूर्ण सैल ठेवला. लाटेसारख्या उंचवट्यावर पुढचं टोक एकदा जास्त डोलत होतं. कडक स्प्रिंग शॉकला जोरात परत उघडते, तिला आवर घालायला रिबाउंड हवा. पुढे अर्धा फेरा, मग पाऊण. मागे अर्धा. पाऊणवर गाडी एका दमात स्थिर झाली.

पुढे पूर्ण एक फेरा करून पाहिला. सपाट रस्त्यावर घट्ट, नेमकी वाटते आणि मोह होतो. पण खराब रस्त्यावर गाडी हळूहळू खाली बसल्यासारखी होते. एका खड्ड्यानंतर शॉक पूर्ण उघडायच्या आत दुसरा खड्डा येतो, तो पुन्हा दबतो, असं करत करत चाल संपते. जी 31 मिमी आम्ही पट्टी धरून मिळवली ती रिबाउंड खाऊन टाकतो. परत पाऊणवर आणला.

फिरून आल्यावर झिप-टाय पाहिल्या. पुढे बंपस्टॉपपासून 7 आणि 9 मिमी, मागे 11 आणि 8. म्हणजे साध्या रस्त्यावर बंपस्टॉपला स्पर्शही नाही. मूळ स्प्रिंगांवर ही गाडी ड्राइव्हवेच्या उतारावरसुद्धा टेकायची.

काटकोनातून फूटपाथवर चढताना पुढून एक खट्ट आवाज आला. सर्क्लिप, कॉलर, स्प्रिंगची टोकं, सगळं जागेवर. आवाज वरच्या माउंटच्या नवीन रबरातून होता. रबर बसल्यामुळे नट पाव फेरा सैल पडला होता. दांडा धरून आवळला, आवाज गेला. नवीन रबरं घातली की काही दिवसांनी हा नट तपासावा.

5 मे, रविवार

ऑटोक्रॉस. मोठ्या पार्किंगच्या मैदानात शंकू लावलेले, डांबर जुनं, मध्ये दोन ठिकाणी काँक्रीटचे उंचवटे. 195/50 आर 15 चे टायर, टायर गरम असताना हवा 32 पीएसआय.

फरक कुठे जाणवला सांगतो. सलग शंकूंच्या नागमोडीत पूर्वी गाडी एका बाजूला कलायची, मग दुसऱ्या, आणि स्टिअरिंग तिची वाट बघायचं. आता हात वळला की नाक वळतं. दुसऱ्या उंचवट्यावर, वळणाच्या ऐन मध्यावर, आजूबाजूच्या बऱ्याच खाली घेतलेल्या गाड्या उडी मारून बाहेर सरकत होत्या. ही गाडी तिथे दबली, उठली आणि रेषेवर राहिली. भाचा बाजूच्या सीटवर होता. "मामा, इथे ब्रेकच नका मारू," म्हणाला. पुढच्या फेरीत नाही मारला. चाक सुटलं नाही.

झिप-टाय: पुढे डावी बंपस्टॉपमध्ये 3 मिमी शिरलेली, उजवी बरोबर टेकलेली. मागच्या दोन्ही 4 मिमी दूर. म्हणजे पुढच्या टोकाची चाल आधी संपते आहे.

11 मे, शनिवार

पुढची उंची वाढवली तर समोरचं 125-मागचं 130 हे नातं बिघडेल आणि अलाइनमेंट पुन्हा करावी लागेल. त्याऐवजी पुढचे बंपस्टॉप एका खाचेपर्यंत, म्हणजे 36 वरून 30 वर, धारदार सुरीने कापले. दाबल्यावर ते 10 मिमी उरतील, 12 ऐवजी. स्प्रिंग मिटण्याचा हिशेब पुन्हा केला. पूर्ण दबल्यावर लांबी 68, मिटते 62 ला. सहा मिमी शिल्लक, अजून सुरक्षित. मोकळी चाल 31 ची 37 झाली, चाकाशी 51.

कॉलर काढलेल्याच होत्या म्हणून आटे ब्रशने घासून अँटी-सीझचा नवा थर दिला. खाणाखुणांसाठी कॉलरच्या वरच्या कडेपासून स्लीव्हच्या टोकापर्यंतची मापं चारही कोपऱ्यांची इथे लिहून ठेवतो: पुढे डावा 41, उजवा 39.5. मागे डावा 46, उजवा 48. ऑक्टोबरमध्ये मीठ पडायच्या आधी स्लीव्ह एकदा पूर्ण उतरवून सर्क्लिपच्या खाचा बघायच्या आहेत, तेव्हा हे आकडे लागतील.